खानदेशात घरच्यांसोबत डोंगरभटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे तेच ते प्रश्न येतात. "लेकरांना कुठे न्यावं?", "आई येईन म्हणतेय, जमेल का?", "मे महिन्यात गेलं तर चालेल ना?" अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. घाई असेल तर प्रश्न ३ आणि ८ तरी वाचाच. बाकीचं निघायच्या आदल्या रात्री वाचलं तरी चालेल.

१. खानदेश म्हणजे सगळा सपाट मुलूख, केळी नि कपाशी. इथे चढायला डोंगर आहेत तरी कुठे?

तापीच्या खोऱ्यात उभं राहून पाहिलं तर तिन्ही बाजूंना डोंगर आहेत. उत्तरेला सातपुडा. अक्कलकुवा-धडगावपासून शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरपर्यंत तो सलग पसरलेला आहे. दक्षिणेला चाळीसगाव, पाचोरा, जामनेरच्या अंगाला अजिंठा-सातमाळ्याची रांग. पश्चिमेला साक्री-नवापूरकडे सह्याद्रीचं उत्तर टोक. धुळ्याजवळच्या लळिंग, सोनगीरसारख्या सुट्या टेकड्या वेगळ्याच. आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे धरतो. शिवाय बागलाणातला साल्हेर आणि सोयगावजवळचा वेताळवाडी किल्लाही घेतो. जिल्हा दुसरा असला तरी सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं, म्हणून ते आपलेच.

२. घरातलं कुणीच कधी डोंगर चढलेलं नाही. सुरुवात कुठून करावी?

सोनगीर. धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत छोटा किल्ला आहे. चढण इतकी थोडी की मुलं धावतच वर जातात. फक्त वरच्या खोल विहिरीपाशी लहानांचा हात सोडू नका. उतरल्यावर गावातली तांब्या-पितळेची दुकानं बघा. अनेक घरांत किल्ल्यापेक्षा तीच जास्त लक्षात राहतात.

जळगावकरांनी एरंडोलजवळचं पद्मालय घ्यावं. टेकडीवरचं गणपतीचं देऊळ, कमळांचं तळं आणि भोवतीच्या झाडीतून भीमकुंडापर्यंतची चाल. यावल-चोपड्याकडच्यांसाठी आडगावजवळची मनुदेवी आहे. सातपुड्याच्या कुशीतलं देऊळ आणि पावसाळ्यात मागे कोसळणारा धबधबा. नवरात्रात मात्र तिथे जत्रेची गर्दी असते. शांतपणे चालायचं असेल तर ते दिवस टाळा.

या तीनपैकी एखादं ठिकाण जमलं की पुढची पायरी लळिंग (प्रश्न १२).

३. तुम्ही एखादी वाट सोपी, मध्यम किंवा कठीण कशावरून ठरवता?

तीन गोष्टी पाहतो: सलग चढ किती, पायाखाली काय आहे आणि हात टेकावे लागतात का. दमवणारा चढ नाही, पायवाट रुंद आहे आणि तासाभरात वर पोहोचता येतं, ती सोपी. दीड-दोन तासांचा चढ, सुटी खडी, मधे एखादा घसरडा टप्पा, ती मध्यम. कातळात कोरलेल्या अरुंद पायऱ्या, बाजूला उघडी दरी किंवा दिवसभराची चाल असेल तर ती कठीण.

एवढं सगळीकडेच सांगतात. पण पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी लावलेल्या श्रेण्या इथे जशाच्या तशा लावल्या तर फसगत होते, कारण आपल्याकडे डोंगराची उंची कमी आणि ऊन जास्त. झाडी विरळ, कातळ काळा. दहा वाजल्यापासून तो तापतो आणि सूर्य कलला तरी धग सोडत नाही. जानेवारीत सात वाजता सोपा असलेला लळिंग मार्चच्या शेवटी अकरा वाजता मध्यम होतो. एप्रिल-मेच्या दुपारी तो घरच्यांसाठी कठीण, आणि खरं सांगायचं तर बंदच. म्हणून आमचा नियम असा: मार्चपासून प्रत्येक वाट एका श्रेणीने वर सरकवा. वर पाण्याची खात्री नसेल तर आणखी एका श्रेणीने. पावसात कातळ शेवाळलेला असतानाही एक श्रेणी वाढवा.

आणि श्रेणी लावायची ती घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाकडे बघून. बाबांच्या कॉलेजातल्या आठवणींवरून नाही.

४. गावात विचारलं तर "आठेच शे" (इथेच आहे) म्हणतात आणि आम्हाला दोन तास लागतात. खरा वेळ कसा काढायचा?

सांगणारा खोटं बोलत नाही. तो रोज गुरं घेऊन वर जातो, त्याच्या पायांना ते अंतर खरंच तेवढंच आहे.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ हिशेब दिला. दर ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. सात-आठ वर्षांची मुलं सोबत असतील तर येणाऱ्या आकड्याची दुप्पट करा. उदाहरणार्थ, ३ किलोमीटर वाट आणि ३०० मीटर चढ. नेस्मिथच्या हिशेबाने सव्वा तासाच्या आत, तुम्हाला अडीच तास. उतरायला निम्मा वेळ लागेल असं धरू नका. खडीच्या उतारावर मुलं आणि म्हातारी माणसं चढापेक्षा जास्त रेंगाळतात, आणि रेंगाळावंच.

उलटा हिशेबही करून ठेवा. अंधाराआधी निदान दोन तास खाली यायचं, तर परत फिरायची वेळ किती? ती वेळ घरीच ठरवा, मोठ्याने सांगा आणि शिखर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी पाळा.

५. कोणते महिने बरे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. हवा स्वच्छ, पहाटे कुडकुडायला लावणारी थंडी, नऊ वाजता स्वेटर काढायला लावणारं ऊन. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी याच दिवसांत जावं.

जुलै ते सप्टेंबर डोंगर सुंदर दिसतात. कोकणासारखा धो धो पाऊस आपल्याकडे नाही, त्यामुळे कितीतरी दिवस कोरडेही मिळतात. पण नाले आणि शेवाळ सांभाळावं लागतं (प्रश्न १६). ऑक्टोबर फसवा असतो. गवत कमरेएवढं, हिट जोरात आणि पायवाट दिसत नाही. महिना सरत आला की जा.

मार्चमध्ये सातपुड्यात पळस फुललेला असतो, मोहाचा वास सुटलेला असतो. भल्या पहाटे जाऊन नवाच्या आत खाली येणार असाल तर जरूर जा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर असताना उघड्या किल्ल्यावर मुलांना नेऊ नका. सुट्टी मेमध्येच आहे, हे आम्हालाही कळतं. त्या दिवसांसाठी तोरणमाळ आहे (प्रश्न १३).

६. मुलं किती वर्षांची झाली की न्यावीत?

वयापेक्षा सवय महत्त्वाची. तरी ढोबळमानाने सांगतो. तीन वर्षांखालचं मूल पाठीवरच्या झोळीत येईल, पण उचलणाऱ्याचा तोल आणि बाळाच्या डोक्यावरची सावली या दोन्हींची काळजी हवी. अशा वेळी फक्त सोपी वाट. चार ते सहाचं मूल स्वतः चालतं, पण मधेच "कडेवर घे" म्हणतं. तासाभराच्या वर नेऊ नका. सात ते दहाच्या मुलांना मध्यम वाट जमते. अकरा-बाराच्या पुढची मुलं तुम्हालाच मागे टाकतील, म्हणून त्यांना एकच गोष्ट पक्की सांगा: प्रत्येक वळणावर थांबायचं, मागचे दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मुलांच्या पाठीवर त्यांची त्यांची छोटी पिशवी द्या. पाण्याची बाटली, टोपी, खाऊ, गळ्यात शिट्टी. वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच असावं. शिट्टी खेळायला वाजवायची नाही, हरवलो तर तीन वेळा वाजवायची, हे पायथ्याशीच समजावून सांगा. मूल मधेच बसलं तर काय, ते प्रश्न २३ मध्ये.

७. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात पण यायचंय. न्यावं का?

नक्की न्या. ज्या बायका चैत्रात सप्तशृंगीला पायी जात आल्या, त्यांना चालण्याबद्दल आपण काय शिकवायचं! मात्र गुडघ्यांना चढापेक्षा उतार त्रास देतो. एक काठी द्या, शक्य तर दोन. उतारावर काठी आधी, पाय नंतर. पायऱ्यांचे डोंगर सोपे वाटतात, पण दुखऱ्या गुडघ्याला पायरीपेक्षा तिरकी जाणारी पायवाट बरी.

त्यांच्यासाठी उत्तम म्हणजे तोरणमाळचा तलावाकाठचा फेरा आणि पाटणादेवीच्या देवळापर्यंतची चाल. वणीच्या गडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे दर्शनासाठी पायऱ्या चढायलाच हव्यात असं राहिलेलं नाही. छातीत दुखणं, चालताना धाप किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टर. साखर किंवा दमा असेल तर प्रश्न २२ पाहा.

८. पाणी किती न्यायचं? वर टाकी असतात ना?

टाकी असतात, पण त्यांतल्या पाण्यावर अवलंबून राहायचं नाही. आपल्याकडच्या किल्ल्यांवरची बरीच टाकी होळीपर्यंत शेवाळलेली किंवा कोरडी झालेली असतात. हिवाळ्यात अर्ध्या दिवसासाठी मोठ्या माणसामागे दोन ते अडीच लिटर, मुलामागे एक ते दीड. फेब्रुवारीनंतर मोठ्यांना तीन ते चार, मुलांना दोन. शिवाय गाडीत एक भरलेली कॅन असू द्या.

तहान लागायची वाट पाहू नका. दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी दोन-दोन घोट, खेळात असलेल्या मुलांनीही. अर्धं पाणी संपलं की परत फिरायचं, मग शिखर कितीही जवळ दिसो.

नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामातून मीठही जातं. ओआरएसची दोन पाकिटं जवळ ठेवा. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. लहान मुलांना ते बाधतं.

९. डबा काय न्यावा?

दशम्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दिवसभर मऊ राहतात, सांडत नाहीत, चमचा लागत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा. हा डबा आपल्या आज्यांनी प्रवासासाठीच घडवलेला आहे. ब्रेड-बटरची पाकिटं आणणाऱ्या घरातली मुलं शेवटी आमच्याच दशम्या खातात.

चालताना थोडं थोडं खायला केळी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याच्या वड्या. केळी तर घरचीच. पण पिशवीच्या तळाशी गेलेली केळी काय होतात ते एकदा अनुभवलं की त्यांना डब्यात ठेवायची अक्कल येते. सालीही परत आणायच्या, वानरांना टाकायच्या नाहीत.

शेवभाजी आणि भरीत-कळण्याची पुरी उतरून आल्यावर. तिखट रस्सा खाऊन उन्हात चढायला लागलं की तहान दुप्पट लागते. चढ सुरू करण्याआधी पोटभर खाऊ नका. दशमीचा चतकोर आणि गुळाचा खडा पुरे.

१०. बूट महागाचे लागतात का?

नाही. तळ खडबडीत, बोटांना मोकळे आणि आधी पंधरा दिवस वापरलेले बूट पुरतात. नवे कोरे बूट घालून येऊ नका, फोड येतात. स्लिपर आणि गुळगुळीत तळाचे शाळेचे बूट चालणार नाहीत. अंगात पूर्ण बाह्यांचं सुती, पाय झाकणारी पँट किंवा सलवार, डोक्याला टोपी किंवा उपरणं. कानांवरून बांधलेलं उपरणं टोपीपेक्षा सरस ठरतं, गरम वाऱ्यातही.

११. पाटणादेवीला गेलो की देवळापाशीच थांबून परत येतो. पुढे काय आहे आणि घरच्यांना किती जमेल?

पुढेच तर सगळं आहे! चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवरचं हे ठिकाण खानदेशात घरच्यांसोबत जायला आमच्या मते सगळ्यात चांगलं. कारण एकाच पायथ्याशी तिन्ही श्रेणींच्या वाटा आहेत.

सोपं: चंडिकादेवीचं देऊळ, जवळचं जुनं दगडी महादेव मंदिर आणि झाडीतली चाल. पाऊस बरा झाला असेल तर धवलतीर्थाच्या धबधब्याकडेही जाता येतं. मुलांना गणित आवडत नसेल तर इथे जरा वेळ बसवा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारला, असं सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख याच पाटण गावचा.

मध्यम: कण्हेरगड. चढ थोडा पण उभा, वरच्या भागात घसरडी खडी. वाटेत नागार्जुन कोठी, सीतान्हाणी आणि शृंगारचावडी ही कोरीव लेणी लागतात. सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना घेऊन जायला हरकत नाही. उतरताना मोठ्यांनी खालच्या बाजूला राहायचं. लेण्यांपर्यंत जाऊन परत आलात तरी दिवस सार्थकी लागतो. माथा गाठलाच पाहिजे असं नाही.

मध्यमच्या वरची: पाटणादेवीहून जंगलातून चढून पितळखोऱ्याची लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची ही बौद्ध लेणी आहेत. सवयीच्या माणसाला चढायला दोनेक तास लागतात. वाट ओढ्याच्या कडेकडेने जाते, म्हणून भर पावसाळ्यात मुलांना नेऊ नये. माहितगार माणूस सोबत हवा (प्रश्न १९). ज्यांना चढ नको त्यांनी कन्नडकडून गाडीने लेण्यांच्या वरच्या अंगाला जावं आणि पायऱ्या उतरून लेणी पाहावीत. घरातले अर्धे खालून, अर्धे वरून, आणि लेण्यात भेट, असाही बेत जमतो. फक्त गाडीवाल्यांनी कन्नड घाटातल्या ट्रकांच्या रांगेचा वेळ धरावा. या घाटाचं औट्रम हे नाव, खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमवरून पडलेलं आहे. घाटात अडकलात तर मुलांना सांगायला तेवढीच एक गोष्ट.

हा सगळा भाग गौताळा अभयारण्यात येतो. नियमांसाठी प्रश्न २०.

१२. लळिंग आधी की भामेर आधी?

लळिंग आधी. धुळ्यापासून दहाएक किलोमीटरवर, पायथ्याला गाव, महामार्ग समोर. वर दरवाजे, तटबंदी, कोरीव टाकी. फारुकी सुलतानांच्या सुरुवातीच्या काळातलं हे महत्त्वाचं ठाणं. खाली रस्त्यावरचे ट्रक मुंगीएवढे होत जातात, त्यामुळे किती चढलो ते मुलांना सारखं दिसत राहतं आणि हुरूप टिकतो. पायथ्याच्या कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये तिथे राहिले होते. तोही त्याच दिवशी होतो.

साक्री तालुक्यातला भामेर विस्ताराने मोठा. गावात शिरतानाच जुनी कमान लागते आणि तिथूनच किल्ला सुरू झाल्यासारखं वाटतं. डोंगराच्या पोटात ओळीने कोरलेल्या गुहा आहेत. पलीकडे पवनचक्क्या फिरत असतात आणि मुलं आधी त्याच मोजतात. इथे वाटा फुटतात, वारा जोराचा असतो आणि माथ्याला सावली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला घ्या.

सोयगावजवळचा वेताळवाडी या दोघांच्या मधे बसतो. हळदा घाटातल्या रस्त्यावरून दरवाजा जवळ पडतो, त्यामुळे चढ कमी. जळगावकरांनी लळिंगऐवजी तो घेतला तरी चालेल.

१३. तोरणमाळला गाडी वरपर्यंत जाते. मग त्यात भटकंती कसली?

गाडी जाते म्हणूनच आजीही येते आणि तान्हं बाळही येतं. शहाद्याकडून सातपायरी घाट चढून गेलं की हजार मीटरच्या वरचं पठार. उन्हाळ्यातही सकाळ-संध्याकाळ हवा गार. यशवंत तलावाभोवतीचा फेरा सोपा. कमळतलाव, गोरखनाथाचं देऊळ आणि रानातल्या वाटा धरून चार-पाच तास सहज चालणं होतं. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. तेव्हा राहायला जागा मिळणं अवघड.

धोका एकच, पण मोठा. सीताखाईचा कडा. पावसाळ्यात इथे धुकं असं उतरतं की पाच पावलांवरचं दिसत नाही आणि कडा कुठे संपतो ते कळत नाही. धुकं असेल तर कड्याकडे जायचंच नाही. स्वच्छ हवेतही मुलांचा हात धरून, काठापासून लांब. फोटोसाठी मागे मागे सरकणाऱ्या मोठ्यांचाही हात धरावा लागतो, हे वेगळं सांगायला नको.

१४. साल्हेरला मुलांना नेता येईल? आणि मांगीतुंगी?

साल्हेर १५६७ मीटर उंच. महाराष्ट्रात कळसूबाईच्या खालोखाल, आणि किल्ल्यांमध्ये सगळ्यात उंच. १६७२ ची मोगलांविरुद्धची मोठी लढाई याच्याच पायथ्याची. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत हाही आहे. त्यामुळे "मुलांना दाखवायचाच" असा आग्रह वाढला आहे.

आमचं उत्तर: बारा वर्षांपुढे, आधी दोन-तीन मध्यम किल्ले केलेले असतील तर, आणि हिवाळ्यातच. वाट पूर्ण दिवसाची आहे, दरवाज्यांजवळच्या कातळपायऱ्यांना दरीची बाजू उघडी आहे. उंचीची भीती असलेलं कुणी असेल, मग ते मोठं असो की लहान, तर जबरदस्ती करू नका. अशा ठिकाणी माणूस चढतो आणि उतरताना गोठतो.

मांगीतुंगी बांधलेल्या पायऱ्यांची आहे, वाट चुकण्याची भीती नाही. पण पायऱ्या हजारोंनी आहेत, गुडघ्यांची परीक्षा होते. पहाटे सुरुवात करा. २०१६ मध्ये प्रतिष्ठापना झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती कातळातून कोरलेली आहे, ती मुलांना फार आवडते. हे जैन तीर्थ आहे. डब्यात काय नेताय त्याचा विचार करा.

१५. दिवाळीत अस्तंब्याला सगळं गाव जातं. आम्हीही मुलांना घेऊन जावं का?

लहान मुलांना नको. अस्तंबा सुमारे १३२५ मीटरचा. अश्वत्थाम्याच्या यात्रेसाठी धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून हजारो लोक निघतात. चाल लांब, रात्रीची, शेवटचा चढ उभा, गर्दीत दगड सुटतात. श्रद्धेने जाणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या जातात. त्यांच्याकडे वाट माहीत असलेली माणसं असतात. तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर अशा एखाद्या घराबरोबर, फक्त मोठ्यांनी जा. जाण्या-येण्यासाठी माल वाहायच्या पिकअपमध्ये माणसं कोंबून घाट चढू नका. डोंगरापेक्षा तो प्रवास जास्त धोक्याचा.

१६. पावसाळ्यात नाला ओलांडावा लागला तर?

गुडघ्याच्या वर पाणी असेल, किंवा गढूळ होऊन काडीकचरा वाहून आणत असेल, तर ओलांडायचं नाही. सातपुड्यात वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं किंवा गडगडाटासारखा आवाज आला की लगेच काठावर, उंचावर. चढलेला नाला बहुतेक वेळा काही तासांत उतरतो. थांबून राहा. धबधब्याखालच्या कुंडात मुलांना सोडू नका, तळ दिसत नाही.

ढग गडगडायला लागले तर माथा, बुरूज आणि एकटं झाड सोडून खाली या. सगळ्यांनी घोळका करून उभं राहू नये, अंतर ठेवावं.

१७. मधमाश्या आणि साप, दोघांचीही भीती वाटते.

आमच्या मते भीती मधमाश्यांची जास्त असावी. कड्यांवर आणि लेण्यांच्या छतांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, फटाके, दगड, मोठा आवाज यांनी ती उठतात. उठलीच तर डोकं-तोंड ओढणीने झाकून सरळ लांब पळायचं, हात झाडत उभं राहायचं नाही. काटा नखाने खरवडून काढा. खूप दंश असतील, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर ताबडतोब दवाखाना.

घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, गवतातून काठी आपटत जायचं. दंश झालाच तर माणसाला शांत झोपवा, अंगठी-कडं काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन लावून सरकारी रुग्णालय गाठा. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही करू नका. मांत्रिकाकडे तर मुळीच नाही.

१८. ऊन लागलंय हे कसं ओळखायचं?

मूल अचानक गप्प होतं, चिडचिडं होतं, डोकं दुखतं म्हणतं, मळमळतं. हीच पहिली खूण. तिथेच थांबा. सावली, कपडे सैल, ओलं कापड मानेवर-काखेत, वारा, घोट घोट ओआरएस (प्रश्न ८). बरं वाटलं तरी वर जायचं नाही, खालीच यायचं. अंग भाजतंय, बोलणं असंबद्ध होतंय किंवा शुद्ध हरपतेय असं असेल तर तो उष्माघात. पाणी ओतून, वारा घालून अंग गार करत करतच दवाखान्याकडे निघा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

१९. मोबाईलवर नकाशा आहे, मग वाटाड्या कशाला?

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात अनेक ठिकाणी नेटवर्क नसतं. नकाशा आधी उतरवून ठेवला तरी गुरांची वाट आणि माणसांची वाट त्याला ओळखता येत नाही. सोनगीर-लळिंगला गरज नाही. पितळखोऱ्याची जंगलवाट, भामेरचा आडवा फेरा आणि सातपुड्यात कुठेही गावातला माणूस सोबत घ्या. पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. त्याची दिवसाची मजुरी बुडालेली असते. पावरा-भिल्ल वस्त्यांमधून जाताना घरांचे, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. मुलांना चॉकलेटं वाटत फिरायचं नाही.

घरी राहिलेल्या एकाला तरी कुठे जातोय आणि कितीपर्यंत परत येऊ हे सांगून निघा.

२०. अभयारण्यात काय चालतं, काय नाही? आमचा कुत्रा सोबत येऊ शकतो?

गौताळा, यावल, अनेर ही अभयारण्यं आहेत. नाक्यावर नोंद करायची, शुल्क असेल ते भरायचं, दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं. कुत्रा नाही. तो वन्यप्राण्यांना त्रास देतो आणि बिबट्याला आमंत्रणही. स्पीकर, चूल, प्लॅस्टिक नाही. अभयारण्याबाहेरच्या सोनगीरसारख्या ठिकाणी साखळीला बांधलेला कुत्रा नेता येईल. मात्र देवळाच्या आवारात नको, आणि गावच्या कुत्र्यांशी गाठ पडेल हे धरून चाला.

२१. किल्ल्यावर मुक्काम करायची मुलांची फार हौस आहे.

हौस तोरणमाळला भागवा, तिथे राहायची सोय आहे. संरक्षित स्मारकांत आणि अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. तंबूच हवा असेल तर पायथ्याच्या गावात कुणाच्या शेतात, विचारून. रात्री त्याच घरची गरम भाकरी मिळाली तर नाही म्हणू नका, आणि तिचे पैसे द्या.

२२. मला साखर आहे, मुलाला दमा. दोघांनी घरीच बसायचं का?

नाही. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालताना खाली जाऊ शकते. म्हणून वेळेवर खाणं चुकवू नका आणि साखर किंवा ग्लुकोज खिशातच ठेवा, सॅकच्या तळाशी नाही. घाम, थरथर, गोंधळ झाला की आधी साखर, मग बाकीचं. दम्याचा पंप मुलाच्या स्वतःच्या पिशवीत, आणि दुसरा मोठ्यांकडे. वाळलेल्या गवताच्या आणि थंड पहाटेच्या दिवसांत त्रास वाढतो, अशा वेळी उशिरा निघून सोपी वाट घ्या. औषधांचे डोस डॉक्टरांनाच विचारा.

२३. मुलगा अर्ध्या वाटेत बसला आणि "मी येत नाही" म्हणाला. ओरडावं की उचलावं?

आधी खात्री करा की ऊन लागलेलं नाही (प्रश्न १८), बुटात खडा नाही, शू लागलेली नाही. दहापैकी आठ वेळा भूक असते. दहा मिनिटं बसा, गूळ-शेंगदाणे द्या, मग त्याला सगळ्यात पुढे ठेवून वाट दाखवायचं काम द्या. मागून रखडणारं मूल पुढे आलं की बदलतं. तरीही नाही म्हणाला तर एक मोठा माणूस घेऊन परत. "बघ, ती छोटीसुद्धा चढली" हे वाक्य कुणीही म्हणायचं नाही, विशेषतः काकांनी.

२४. अर्धे थकले, अर्ध्यांना माथ्यावर जायचंय. फुटावं का?

फुटता येतं, पण अटी आहेत. दोन्ही गटांत वाट माहीत असलेला निदान एक मोठा माणूस, दोन्हींकडे पाणी आणि चालू फोन. थांबणाऱ्यांची जागा सावलीची आणि खूण सांगता येईल अशी: दरवाजा, टाकं, देऊळ. परत भेटायची वेळ ठरलेली. गाडीची किल्ली थांबणाऱ्यांकडे, कारण वर जाणाऱ्यांना उशीर झाला तर खाली जाऊन मदत आणणारे तेच. थांबणाऱ्यांनी कंटाळून हळूहळू उतरायला लागायचं नाही, वर जाणाऱ्यांनी दुसऱ्या वाटेने उतरायचं नाही. या दोनांपैकी एक झालं की शोधाशोध सुरू होते.

एवढी माणसं नसतील, म्हणजे दोन मोठे आणि तीन मुलं असतील, तर फुटायचं नाही. सगळे मिळून खाली यायचं आणि धुळ्यात शेवभाजी खायची.